शाबासकीवाले सर

समोरच्याने इंग्रजी बोलायला नुसतं तोंड उघडलं, की सरांचं ‘व्हेरी गुड’ बाहेर पडलेलंच असतं. वाक्य अजून यायचंय, क्रियापदाचा पत्ता नाही, कर्ता बाई की बुवा ते ठरायचंय. शाबासकी मात्र पोचती. न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपासच्या एका सार्वजनिक वाचनालयात दर मंगळवारी सकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरतो. फी नाही, परीक्षा नाही, हजेरी नाही. चीन, कोरिया, कोलंबिया, युक्रेन अशा चारी दिशांहून आलेली माणसं एका गोल टेबलाभोवती बसतात. टेबलाच्या टोकाला आमचे सर. गोल टेबलालाही टोक असतं, हे सर बसल्यावर कळतं.

सरांची हयात सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कूलात इंग्रजी शिकवण्यात गेली. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली; आमच्या वेळी ते पाचवीत यायचं, आणि आमच्या शाळेत ते सरांचा हात, म्हणजे सरांच्या हातातली छडी, धरूनच आलं. टेबलावर एका बाजूला तर्खडकर, दुसऱ्या बाजूला रेन आणि मार्टिन, मध्ये छडी. ‘ही गो’ म्हटलं की एक. ‘द’ गाळला की एक. ‘द’ नको तिथे घातला की दोन, कारण तो आगाऊपणा. आमच्या अख्ख्या वर्गाला क्रियापदांची तिन्ही रूपं घडाघडा पाठ होती आणि एकालाही इंग्रजीत रस्ता विचारता येत नव्हता.

हाच माणूस साताऱ्यापलीकडेही फारसा न जाता एकदम अमेरिकेत मुलाकडे गेला आणि वर्षभरात विरघळला. घरच्यांच्या मते हे काम एका औषधाच्या दुकानाच्या फोनने केलं. फोनवर माणूस नव्हता, यंत्र होतं. त्याने जन्मतारीख विचारली. सरांनी शुद्ध, व्याकरणशुद्ध, मराठी मातीतल्या इंग्रजीत सांगितली. ‘सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट,’ यंत्र म्हणालं. सरांनी पुन्हा सांगितली. यंत्राला पुन्हा कळली नाही. ज्यांनी पिढ्यान् पिढ्यांना ‘परत म्हण!’ म्हणून उभं केलं, ते सर दिवाणखान्यात उभं राहून परत परत म्हणत होते. शेवटी सात वर्षांच्या नातवाने फोन घेतला आणि आजोबांचा जन्म एका श्वासात उरकला. पुढच्याच मंगळवारी सर वाचनालयात स्वयंसेवक म्हणून दाखल झाले.

मी मागच्या खुर्चीवर बसून हा वर्ग पाहिला आहे. एक चिनी आजी म्हणाल्या, ‘माय हजबंड, शी इज गुड कुक.’ मी अंग चोरलं, जुनी सवय. सर म्हणाले, ‘व्हेरी गुड! लकी यू!’ वर्ग सुटल्यावर मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच मला घेतलं फैलावर. ‘हसू नकोस. चिनी बोलण्यात तो आणि ती यांचा उच्चार एकच. बाईंनी सत्तर वर्षांत जे कधी ठरवलं नाही, ते त्यांना वाक्याच्या मधोमध ठरवायला लागतंय. आणि आपण रे? खुर्चीला बाई केलं, पंख्याला बुवा केलं, टेबल कुणातच नाही. आपण कुठल्या तोंडाने हसायचं?’

एका कोरियन आजोबांनी ‘आय लाइक कॉपी’ असं जाहीर केलं. त्यांच्या भाषेत ‘फ’ नाही, त्यामुळे कॉफीची ती गत होते. बोर्डाच्या परीक्षेत खिडकीखालच्या पोराच्या मोज्यातून चिठ्ठी काढणारे आमचे सर! क्षणभर त्यांची मान वळली, नाकपुड्या फुगल्या. मग ते सावरले. ‘व्हेरी गुड. मी टू.’

या मवाळपणाला त्यांनी आता शास्त्राचा आधारही शोधलाय. स्टीफन क्रॅशन नावाच्या अमेरिकन भाषातज्ज्ञाने 1980च्या दशकात मांडलं, की शिकणाऱ्याच्या मनात भीती नि लाज असली की एक गाळणी तयार होते आणि भाषा आत झिरपत नाही. सर हे सांगतात तेव्हा मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत राहतो. त्यांचं दुसरं दैवत म्हणजे सिरॅक्यूजच्या रूथ कॉल्व्हिन. आपल्याच भागात अकराएक हजार प्रौढांना धड वाचता येत नाही, हे जनगणनेतून कळल्यावर या बाईंनी 1962 साली स्वयंसेवक जमवून शिकवणं सुरू केलं. त्यातून देशभर पसरलेली संस्था उभी राहिली. 2024 साली त्या वारल्या तेव्हा 107 वर्षांच्या होत्या. ‘चिडत नसणार,’ सर म्हणतात. ‘चिडणाऱ्याला एवढं आयुष्य नसतं.’

शाबासकीने सगळ्यांचं भागत नाही, हेही सांगायला हवं. एक युक्रेनियन डॉक्टरबाई एकदा म्हणाल्या, मला व्हेरी गुड नको, माझं चुकतं कुठे ते सांगा. सर म्हणाले, ‘व्हेरी गुड क्वेश्चन!’ बाईंनी कपाळाला हात लावला. पण सरांच्या पोतडीत उपाय होता. बाई ‘आय ॲम डॉक्टर’ म्हणाल्या की ते डोळे मोठे करून म्हणतात, ‘ओ, यू आर अ डॉक्टर!’ चूक दुरुस्त, आणि दुरुस्त करणारा नामानिराळा. आठवडाभरात बाई स्वतःच थबकून ‘अ’ घालू लागल्या.

कोलंबियाच्या एका आजोबांची नागरिकत्वाची मुलाखत आली तेव्हा मात्र सरांची झोप उडाली. तिथला अधिकारी व्हेरी गुड म्हणत नाही. तीन संधी देतो; एक वाक्य नीट वाचायचं, एक नीट लिहायचं. पन्नाशी उलटलेल्याला ग्रीन कार्डावर वीस वर्षं झाली असली की इंग्रजीची परीक्षा माफ असते. ही सवलत सरांना मुळीच मान्य नाही, आणि आजोबांना ती लागूही नव्हती. सरांनी त्यांना रोज शुद्धलेखन घातलं. हातात पट्टी होती. समास आखायला, असं ते म्हणतात. आजोबा पास झाले आणि पेढ्यांऐवजी केक घेऊन आले.

या सगळ्याचा त्रास एकट्या काकूंना. ‘परक्या बाईच्या नवऱ्याला ‘शी’ म्हटलं तरी व्हेरी गुड, आणि माझ्या आमटीला पन्नास वर्षं नुसतं हं!’ काकू इंग्रजी कादंबऱ्या वाचतात, न अडखळता बोलतात. हल्ली दर मंगळवारी त्याही त्या टेबलाशी बसतात, आपलं नाव सांगताना मुद्दाम एक चूक करतात आणि आपल्या वाटणीचं व्हेरी गुड वसूल करून घरी येतात.

मुलाकडे सहा महिने जाणार असाल आणि दुपार खायला उठत असेल, तर जवळच्या वाचनालयात चौकशी करा. असे वर्ग तिकडे बहुतेक गावांत असतात. इंग्रजी येत असेल तर शिकवायला बसा, येत नसेल तर शिकायला. फक्त एडिसनकडे आलात तर एक लक्षात ठेवा, सरांनी व्हेरी गुड म्हटलं म्हणून वाक्य बरोबर आहे असं समजू नका.