काकाजी आणि कोरा संगणक

छत्तीसगडातल्या चरोद्यात नवा लॅपटॉप भिलाईच्या सुपेल्याहून आला काय किंवा रायपूरहून आला काय, काकाजी येऊन गेल्याशिवाय त्याचा वापर सुरू होत नाही. हे काकाजी कोणाचे सख्खे काका असतीलच असे नाही. ते बीएमवायच्या, म्हणजे भिलाई मार्शलिंग यार्डाच्या, रेल्वे कॉलनीत राहतात. लोको शेडमध्ये नोकरीला असतात नाहीतर नुकतेच निवृत्त झालेले असतात. घराणे मूळचे भंडारा-गोंदियाकडचे, रुळांच्या मागेमागे इकडे सरकलेले. 1956 साली छत्तीसगडचा नागपूरशी असलेला राजधानीचा संबंध सुटला, पण काकाजींच्या घरातले नागपुरी वळण सुटले नाही. किल्ल्यांच्या जुडग्यात पेन ड्राइव्ह लटकतो. चहाला आधी नको म्हणून ते खुर्ची ओढतात आणि विचारतात, “अजून काही टाकलं नाही ना तुम्ही? बरं केलं. कोरा आहे तेव्हाच सगळं नीट बसते.” पेन ड्राइव्हमध्ये ‘जरुरी सॉफ्टवेअर’ नावाचा फोल्डर असतो, त्यात ‘नवीन’, त्यात ‘नवीन फायनल’ आणि त्याच्याही पोटात ‘नवीन फायनल 2’. त्यानंतरचे दोन तास घरातल्यांनी फक्त नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री, फिनिश पाहत बसायचे.

माझे म्हणणे एवढेच, की काकाजींची ही यादी समोरच्या संगणकाची गरज पाहून झालेली नसते. काकाजी संगणक शिकले त्या वर्षांत, समजा 2004च्या आसपास, त्यांना ज्या ज्या गोष्टीने रडवले तिची ती यादी आहे. दुखणे बरे झाले, औषध चालू राहिले. कोडेक पॅक घ्या. त्या काळी मित्राकडून आणलेल्या सिनेमाचा आवाज यायचा आणि चित्र यायचे नाही, नाहीतर नायिका दिसायची आणि गाणे ऐकू यायचे नाही. हा प्रश्न व्हीएलसी या प्लेअरने कधीच मिटवला. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी विद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा 1996 सालचा हा प्रकल्प 2001 पासून सगळ्यांसाठी खुला आहे आणि लागणारे कोडेक तो स्वतःच्याच पोटात घेऊन येतो. काकाजी व्हीएलसी टाकतात, आणि वर कोडेक पॅकही टाकतात. “राहू द्या, खायला थोडीच मागते?” झिप फाइल विंडोज एक्सपीपासून, म्हणजे 2001 पासून, आपोआप उघडते; 2023 पासून विंडोज 11ला आरएआरही उघडता येते. तरीही विनआरएआर हवेच. हे बिचारे चाळीस दिवसांच्या बोलीवर येते आणि पुढे वर्षानुवर्षे अदबीने पैशांची आठवण करत राहते. ती खिडकी काकाजी ज्या सराईतपणे बंद करतात, तेवढ्या सराईतपणे त्यांना शर्टाची गुंडीही लावता येत नसेल. फ्लॅशचा कारभार ॲडोबीने 31 डिसेंबर 2020 रोजी आटोपला, पण ‘नवीन फायनल 2’मध्ये ते अजून जिवंत आहे. आणि निरो! सीडीची खाचच नसलेल्या लॅपटॉपमध्ये सीडी लिहायचे सॉफ्टवेअर श्रद्धेने बसवणारा माणूस पाहिला, की यादीचा उगम कुठे आहे हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

अँटिव्हायरसचे प्रकरण जरा सावकाश पाहायला हवे, कारण तिथे काकाजींची बाजू अगदीच लंगडी नाही. ते दुखणे खरेच होते. पुण्याच्या काटकर बंधूंनी नव्वदच्या दशकात क्विक हील उभे केले, ते काही लोकांच्या नसत्या भीतीवर नव्हे. फ्लॉपीतून आणि नंतर पेन ड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसने तेव्हा दुकाने आणि दफ्तरे खरोखर ठप्प होत. (पेन ड्राइव्ह खोचला की त्यातला प्रोग्रॅम आपणहून सुरू होई, ती वाट मायक्रोसॉफ्टने 2011च्या सुमारास बंद केली. तोवर कॉलनीत घरोघरी व्हायरस पोचवण्याचे काम कोणाच्या जुडग्यातून होत असेल, ते वाचकांनी ताडावे.) पण विंडोज 8पासून, म्हणजे 2012 पासून, डिफेंडर विंडोजमध्येच येतो आणि घरगुती वापराला पुरतो. त्याहून जास्त हवे असेल तर पैसे मोजून एक चांगला अँटिव्हायरस घ्यावा. तो आला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. काकाजींना एकाने समाधान नाही. ते दोन टाकतात, दोघे एकमेकांवर पहारा ठेवतात आणि संगणक बैलगाडीच्या चालीने चालतो. मग तो वेगवान करायला सफाईचे सॉफ्टवेअर येते. 2017 साली सीक्लीनर या नामांकित सफाईवाल्याच्याच एका आवृत्तीत चोरांनी घातक कोड घुसवला आणि तो वीस लाखांहून जास्त संगणकांवर पोचला, ही बातमी काकाजींपर्यंत पोचलेली नसते. कळस पुढेच आहे. आता ऑफिस टाकायचे. लॅपटॉपबरोबर ऑफिस पुष्कळदा विकतच आलेले असते. काकाजी ते ‘ट्रायल’ समजून काढतात आणि आपले फुकटचे बसवतात. त्याचा क्रॅक चालावा म्हणून म्हणतात, “दोन मिनिटं अँटिव्हायरस बंद करा.” ज्या पहारेकऱ्यासाठी तासभर खर्ची घातला, त्याला नेमके अनोळखी पाहुणा आत येताना बाहेर पाठवायचे. एवढे होऊनही पहारेकऱ्याने आरडाओरडा केला, तर तो पहारेकरीच खराब.

ज्या यार्डाच्या शेजारी काकाजींचे आयुष्य गेले, तिथे आलेल्या मालगाडीच्या वाघिणी सोडवतात, कोणती कुठे जायची ते पाहून वेगवेगळ्या लावतात आणि लागतील तेवढ्याच पुढच्या गाडीला जोडतात. विनाकारण एक वाघीण जास्त गेली तर जाब द्यावा लागतो. हा हिशेब काकाजींना झोपेतही येतो. संगणकापुढे बसले की मात्र, ते एक विकतचे ऑफिस वगळता, ते फक्त जोडतात. सोडवणे त्यांना ठाऊकच नाही. कंपनीने आधीच कोंबून पाठवलेले खेळ, खरेदीची दुकाने, महिन्याभराच्या बोलीवरची सॉफ्टवेअरे काढून टाकणे हे नव्या संगणकाचे खरे पहिले काम, त्याला त्यांचा हात लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, फुकट येऊन, रविवार मोडून मदत करणाऱ्या माणसाची ही टिंगल बरी नव्हे. मान्य. दुकानदार याच कामाचे पैसे घेतो आणि यादी काकाजींचीच वापरतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जिओ येईपर्यंत, म्हणजे 2016पर्यंत, आपल्याकडे नेटची अशी रड होती की मोठी फाइल उतरवायला रात्र जायची, मग पेन ड्राइव्हशिवाय करायचे काय? अगदी खरे. त्या दिवसांत काकाजींनी साठा केला हे शहाणपणच होते. पण साठ्यातली आवृत्ती तेव्हाच्या तारखेला थांबते आणि तिच्यातली भोके तशीच राहतात. आज तेच व्हीएलसी त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून काही मिनिटांत ताजे मिळते, चहा निवायच्या आत. तिसरा आक्षेप कृतिदेव फाँटचा, आणि तिथे मी बिनशर्त माघार घेतो. इकडे हिंदी टायपिंग शिकलेल्या मुलांची बोटे कृतिदेववर बसलेली असतात, अर्जनवीस आणि छापखान्यांच्या जुन्या फाइली त्याच फाँटमध्ये असतात, आणि तो फाँट नसलेल्या संगणकावर त्याच मजकुराची रोमन अक्षरांची खिचडी होते. तो काकाजींच्या यादीत आहे आणि असायलाच हवा.

गंमत अशी, की बाकी खऱ्या गरजेच्या वस्तू यादीत नाहीतच. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक कित्येक वर्षांपासून आहे, 2019 पासून उच्चाराप्रमाणे लिहायचा मराठी कळफलकही आहे. सेटिंगमध्ये जाऊन तो चालू करायचा, बस. घरी आईला मराठीत पत्र लिहायचे असते, पण काकाजी म्हणतात, “कंपनी मराठी देत नाही, हिंदीत चालवून घ्या.” अपडेट तर ते बंदच करून जातात, कारण 2009 साली कधीतरी एका अपडेटने त्यांचा रविवार खाल्ला होता. आणि जाताना आठवणीने दुरून संगणक हाताळू देणारे एनीडेस्क टाकतात, म्हणजे पुढच्या वेळी घरबसल्या दुरुस्ती. एनीडेस्क स्वतः वाईट नाही. पण त्याच्याच आधारे लोकांची खाती रिकामी होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्ये दिला होता. आजोबांच्या पेन्शनचे खाते ज्या संगणकावर उघडते, तिथे हा दरवाजा ठेवायचा तर कोणासाठी उघडायचा आणि कोणासाठी नाही, हे आजोबांना दोनदा समजावून सांगायला हवे.

मग लोक त्यांना बोलावतात तरी का? कारण नुसता विंडोज चालू झालेला, निळे वॉलपेपर आणि कोपऱ्यात कचऱ्याची टोपली एवढेच दाखवणारा पडदा घरातल्यांना अर्धवट वाटतो. पंचावन्न हजार दिले आणि आत काहीच नाही? काकाजी उठतात तेव्हा पडद्यावर तीन रांगा चित्रे असतात, पैसे वसूल. अर्ध्या तासात एक कळफलक, एक व्हीएलसी, एक प्रिंटरचा ड्रायव्हर टाकून उठलेला माणूस जाणकार वाटेल का? कॉलनीत कोणीही त्याला दुसऱ्यांदा बोलावणार नाही, आणि काकाजींना हे आपल्यापेक्षा चांगले कळते.

एक मुद्दा मात्र दामटूनच मांडायला हवा, तो बॅकअपचा. मुलीच्या लग्नाचे फोटो, निवृत्तीच्या सत्काराचा व्हिडिओ, पीएफची कागदपत्रे, सगळे काकाजी डी ड्राइव्हमध्ये ठेवतात आणि खात्री देतात, “सी उडाला तरी डीला काही होत नाही.” विंडोज बिघडली तर हे खरे. पण लॅपटॉपमधले सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे कागदोपत्री पाडलेले दोन वाटे असतात; डिस्कच बसली तर दोन्ही एकाच दिवशी जातात. बाहेरची एक डिस्क घेऊन महिन्याकाठी नक्कल काढणे, हा यावरचा साधा उपाय. तो काकाजींना सांगून पाहावा. ते शांतपणे ऐकून घेतात, चष्मा वर सरकवतात आणि उंदीर हातात घेऊन म्हणतात, “इतकी भीती वाटत असेल तर सांगायचं ना, आत्ता ई पण बनवून देतो.”