अनौपचारिकतेचे परिपत्रक

आमच्या कर्वेनगरात एक कचेरी आहे. कुठली ते विचारू नका, मला तिथून अजून एक दाखला काढायचा आहे. तिथे भिंतीवर तक्ता आहे. वर साहेब, खाली उपसाहेब, मग अधीक्षक आणि अगदी तळाला शिपाई. तक्ता बरोबरच आहे, फक्त उलटा टांगलाय. बदल्यांची यादी आधी शिपाईमामांना कळते, मग अमृततुल्यवाल्याला, मग आवक-जावकच्या मॅडमना आणि सगळ्यात शेवटी, तीही लेखी, साहेबांना.

"साहेब आहेत का?" असं विचारतो तो नवखा. जाणता माणूस विचारतो, "मामा, आज कसंय?" मामा केबिनच्या दाराकडे बघून भुवई जरा वर करतात. "अकरानंतर या. घरून फोन येऊन गेलाय."

आस्थापना आणि लेखा या विभागांत कागदोपत्री बोलणं नाही, पण भिशी एकच आहे. तीन स्मरणपत्रांनी न हललेलं बिल लेखा विभागाच्या काकूंनी परवा दीडच्या सुट्टीत, डब्यातल्या भरताबरोबर सोडवलं.

आता यात नवं काय? ज्या अण्णासाहेब कर्व्यांच्या नावानं हे नगर आहे, त्यांचा आश्रम १९०० मध्ये इथं हिंगण्याच्या माळावर आला, तोही ओळखीपाळखीतूनच उभा राहिला. मित्र नरहरपंत जोशी. त्यांच्या विधवा बहिणीशी, गोदूबाईंशी, अण्णांनी १८९३ साली लग्न केलं. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमाच्या कामाला लागल्या आणि निधीसाठी थेट अमेरिका गाठून आल्या. आज कोणी मेहुणीला असं कामाला लावलं तर माहितीच्या अधिकारात चार अर्ज पडतील. वर्गणीसाठी वणवण करायला मात्र एकही अर्ज येणार नाही.

तर, त्या कचेरीचे साहेब प्रशिक्षणाला गेले आणि हॉथॉर्न शिकून आले. हॉथॉर्न म्हणजे शिकागोजवळचा कारखाना. तिथं १९३१-३२ साली १४ कामगारांना एका खोलीत बसवून त्यांचं निरीक्षण केलं होतं. जास्त कामाला जास्त पैसे असूनही त्यांनी रोजचं काम आपसांत ठरवून घेतलेलं. कोणी पुढे पळाला की दंडावर गुद्दा! या कचेरीत गुद्द्याची गरज पडत नाही. "काय, प्रमोशन घ्यायचंय वाटतं?" एवढ्यावर भागतं.

साहेबांना वाटलं, आपसातल्या गप्पांची एवढी ताकद बाहेर चहाच्या टपरीवर वाया का घालवायची? परिपत्रक निघालं: 'अनौपचारिक संवाद समिती' स्थापन करण्यात येत असून दर शुक्रवारी दुपारी ४ ते ४.१५ या वेळेत सर्वांनी मोकळेपणाने बोलावे. उपस्थिती अनिवार्य. विषय दोन दिवस आधी, तीन प्रतींत.

पहिल्या बैठकीत पंधरा मिनिटं पंख्याचा आवाज ऐकू आला. इतिवृत्तात 'खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा' अशी नोंद झाली. कचेरीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले आणि साहेब नसलेल्या ग्रुपवर रात्री साडेबारापर्यंत बैठक चालली.

परवा साहेबांनी बेल मारली, मामांना आत घेतलं, दार लावलं आणि हळूच विचारलं, "मामा, समितीबद्दल लोक खरं काय बोलतात हो?"

"चांगलंच बोलतात, साहेब," मामा म्हणाले.

दार लावलेलं होतं, तरी आवक-जावकमध्ये हे पाच मिनिटांत कळलं. मला कळायला जरा उशीर झाला. मी दाखल्याच्या रांगेत होतो.