खिंडीत गाठणारे शब्द

स्टुटगार्ट, रविवार

ती. आबा व आईस,


बंड्यानं जर्मनचा क्लास लावलाय आणि बी-वनची परीक्षा पास झाल्यावर आता पाच हजार शब्दांची यादी माजघराच्या भिंतीला चिकटवून रोज पन्नास शब्द घोकतोय, हे वाचून त्याच्या चिकाटीचं कौतुक वाटलं आणि भिंतीची काळजी. आबा, तुम्ही विचारलंत, ‘अजून किती शब्द राहिले म्हणजे पोरगं सुटेल?’ प्रश्न रास्त आहे, पण तो पोती मोजल्यासारखा आहे. बी-वनपर्यंत पोती मोजता येतात. गोएथे इन्स्टिट्यूट त्या परीक्षेसाठी सुमारे 2400 शब्दांची यादीच छापून देते. बरीच पुढची जी सी-वन परीक्षा, तिला तशी यादी नसते, आणि ती छापायची राहून गेली असंही नाही. तिथून पुढे विद्यार्थ्याला अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचेच शब्द जास्त छळतात. पाहुणा पहिल्यांदा येतो तेव्हा पाणी विचारून भागतं. तो मुक्कामाला राहिला की त्याचे खरे गुण कळतात, तसं.

आपल्याच कुरवंडे गावावरून घ्या. मोगल सरदार कर्तलबखान 1661 साली कुरवंड्याच्या घाटानं कोकणात उतरला आणि शिवाजी महाराजांनी त्याला उंबरखिंडीत गाठलं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आता एखादा जर्मन मराठी शिकतोय असं समजा. ‘खिंड’ त्याला ठाऊक आहे, ‘गाठणे’ म्हणजे पोचणे हेही ठाऊक आहे. ‘बायकोनं मला खिंडीत गाठलं’ असं कुणी म्हणालं, तर तो म्हणेल, वा, दोघं मिळून ट्रेकला गेला होता तर! दोन्ही शब्द पाठ, आणि अर्थाची पार वाट. ‘घाट’ हा तर त्याहून बेरकी. डोंगरातला घाट, नदीचा घाट, भांड्याचा घाट, आणि पोरीच्या लग्नाचा घातलेला घाट. यादीत तो एका ओळीत बसतो, गावात मात्र चार घरं धरून राहतो. जर्मनही काही मागे नाहीत. त्यांच्याकडे डोंगरातला घाट म्हणजे ‘पास’ आणि खिशातला पासपोर्ट म्हणजेही ‘पास’. त्या हिशेबानं कुरवंडे हे पासपोर्टच्या तोंडाशी वसलेलं गाव ठरतं.

बंड्याच्या यादीत ‘त्सीअन’ असेल, त्यापुढे ‘ओढणे’ असं लिहिलेलं असेल आणि त्यानं बरोबरची खूण करून ते कधीच मागे टाकलं असेल. त्याला सांगा, खूण पुसून टाक. ‘आन्त्सीअन’ म्हणजे कपडे चढवणे, ‘आउसत्सीअन’ म्हणजे ते उतरवणे आणि राहतं घर सोडणेही, ‘उम्त्सीअन’ म्हणजे घर किंवा कपडे बदलणे, ‘एरत्सीअन’ म्हणजे मुलांना वळण लावणे, ‘यूबरत्सीअन’ म्हणजे खात्यात आहेत त्याहून जास्त पैसे काढणे. दारं-खिडक्या उघड्या राहिल्या की जर्मन माणूस घाबऱ्याघुबऱ्या ‘एस त्सीट’ म्हणतो. शब्दशः ‘ओढतंय’, म्हणजे वाऱ्याचा झोत येतोय. (आपल्या नागफणीच्या कड्यावर उभं केलं तर हा माणूस काय म्हणेल, कोण जाणे.) याचं नवल आपण करायचं कारण नाही. शाळेत आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे सगळे एकाच धातूचे म्हणून आपणही शिकलो. आणि ‘लागणे’कडे बघा. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आमटी गोड लागते, आंब्याला मोहोर लागतो आणि पोर नादी लागतं. ‘लागणे’ येतं असं म्हणणाऱ्याला यातलं नेमकं काय येतं?

तुम्ही म्हणाल, पाठांतराला नावं ठेवू नका, परवचा म्हणूनच पिढ्या शिकल्या. मान्य. पाठांतर शिकवणाऱ्यांचा आवडता साक्षीदारही जर्मनच आहे. हेर्मान एबिंगहाउस. माणूस किती भराभरा विसरतो हे त्यानं 1885 साली मोजून दाखवलं, आणि अंतरा-अंतरानं उजळणी करण्याचं आजचं सगळं शास्त्र तिथून निघालं. पण त्यानं पाठ काय केलं होतं? मुद्दाम बनवलेली, काडीचाही अर्थ नसलेली अक्षरं. अर्थ मध्ये लुडबुडू नये म्हणून. त्याच माणसानं बायरनची कविता पाठ करून पाहिली, तेव्हा साधारण दहाव्या हिश्श्याच्या मेहनतीत काम झालं. म्हणजे अर्थापासून सुटं करून घोकायचं तर दहापट घाम गाळायची तयारी हवी, हे घोकंपट्टीवाल्यांचाच साक्षीदार सांगतो. परवचाही सुटा नसतो, त्याला चाल असते, क्रम असतो, शेजारी बसून म्हणणारी भावंडं असतात. एका बाबतीत मात्र बंड्याची भिंत कामाची आहे, ती म्हणजे शब्दाचं लिंग. ‘डेर लाइटर’ म्हणजे प्रमुख आणि ‘डी लाइटर’ म्हणजे शिडी. ज्यांच्या भाषेत तो माळ गुरं चारायला आणि ती माळ गळ्यात घालायला असते, त्यांनी यावर कुरकुर करू नये. पाठ करावं.

दुसरी शंका जास्त खरी आहे: शेवटी शब्दसंख्या वाढायला नको का? हवी. न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांनी 2006 साली इंग्रजीचा हिशेब मांडला. छापील मजकुरातले शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत, तर आठ-नऊ हजार लागतात. पण आठ-नऊ हजार काय? शब्द नव्हे, शब्दकुटुंबं. ग्रामपंचायत घरपट्टीला घरं मोजते, आतली माणसं नव्हे, तशी ही मोजणी आहे. आणि ही घरं कामाच्या वाटेवर भेटतात. राब, तरवा, आवण, चिखलणी, खाचर हे भातशेतीचे शब्द आपल्याकडे कुणी पाठ केलेले नाहीत. पाऊस आला, पाय चिखलात गेले, शब्द बरोबर आले. पुण्याच्या माणसाची मराठी कितीही शुद्ध असो, ‘आवण काढली का?’ या प्रश्नापुढे तो सी-वनलाच नापास होतो. बंड्याला गाड्यांच्या कारखान्यात जायचं असेल तर त्यानं यंत्रांची माहितीपत्रकं वाचावीत. तिथले पन्नास शब्द एकमेकांचा हात धरून येतील.

मोल्सवर्थचा दाखला तुम्ही देणार, हेही मला ठाऊक आहे. परका माणूस, आणि त्याच्या मराठी कोशाच्या 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द, ती यादीच ना? पण तो कोश उघडून बघा. शब्दाखाली वाक्प्रचार, म्हणी, शब्द कुणासंगे नांदतो, कुणाशी फटकून वागतो, सगळं दिलंय. साहेबानं शब्दांची वरात लिहून ठेवली, नुसता नवरदेव नव्हे.

यावर बंड्याची पळवाट ठरलेली आहे: आपल्या वाक्प्रचारांचं सरळ जर्मन करू. ही वाट कधी कधी पोचवते, म्हणूनच धोक्याची आहे. नाक मुरडणे आणि नाक खुपसणे जर्मनमध्ये जवळपास जसंच्या तसं आहे. तेवढ्यानं छाती फुगते. मग कुणी जर्मन म्हणतो, ‘माझं नाक भरलंय’, आणि आपला माणूस त्याच्यासाठी सुंठेचा काढा करायला उठतो. त्याला सर्दी झालेली नसते, वीट आलेला असतो. त्यात इथली, श्वाबेन मुलखाची बोली आणखी गंमत करते. पुस्तकात ‘हेबन’ म्हणजे उचलणे, इथे धरणे. ‘टेपिश’ म्हणजे गालिचा, इथे ते पांघरूणही असतं. ‘फूस’ म्हणजे पाऊल, इथे मात्र थेट कमरेपर्यंतचा पाय. हे एक आपल्याला सोपं, कारण मराठी पायही कुठे संपतो ते कुणी ठरवलेलं नाही.

तेव्हा आबा, यादी फाडू नका, पोरगं रुसेल. तिच्यातले पहिले वीस धातू ठेवायला सांगा आणि एकेकाचे उद्योग महिनाभर शोधायला लावा. बाकीच्या कागदाच्या मागच्या बाजूला आई ‘लागणे’ची यादी लिहू दे. मी वर सातच दिलेत. तिच्या एका दिवसाच्या बोलण्यात तीस तरी निघतील.

सर्वांस यथायोग्य.

तुमचा,
बाळू

ता. क. बंड्याच्या यादीत ‘फायरआबेंड’पुढे ‘सणाची संध्याकाळ’ असं लिहिलेलं असणार. ते खोडा. दिवसाचं काम संपलं, आता कुणी फोन करू नये, असा त्याचा अर्थ आहे. आणि तुमचा फोन नेमका तेव्हाच येतो, तो मात्र येऊ द्या.