पहिल्या मानाचं अपडेट

रात्री ‘अपडेट अँड शट डाऊन’ दाबून झोपलं की सकाळी संगणक जास्त सुरक्षित झालेला असतो, असं कंपन्या सांगतात आणि त्यात खोटं काही नाही. २०२४च्या ऑगस्टमध्ये तर काही संगणक इतके सुरक्षित झाले, की खुद्द मालकालाही आत शिरता येईना. १३ तारखेला मायक्रोसॉफ्टने विंडोजचं मासिक सुरक्षा अपडेट सोडलं. एकाच यंत्रावर विंडोजशेजारी लिनक्स ठेवणाऱ्या अनेकांना त्यानंतर लिनक्स सुरू करताना काळ्या पडद्यावर ‘काहीतरी फारच गंभीर बिघडलं आहे’ अशा अर्थाची ओळ दिसली. ती वाचून होते न होते तोच यंत्र बंद. दोन सिस्टिम असलेल्या यंत्रांना हे अपडेट लागू होणार नाही, असं कंपनीने आधी सांगून ठेवलं होतं. मग खुलासा आला: अशी यंत्रं हुडकणाऱ्या तपासणीला काही लोकांनी आपल्या पद्धतीने केलेली मांडणी ओळखता आली नाही. थोडक्यात, ज्यांनी स्वतःचं डोकं चालवलं ते हिशेबातच नव्हते. तात्पुरता उपाय तर लाजवाब होता. आधी सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही असलेले प्रोग्रामच सुरू होऊ देणारी तपासणी, बंद करा, लिनक्समध्ये जाऊन एक कमांड चालवा, मग ते पुन्हा चालू करा. सुरक्षेच्या अपडेटवर उतारा म्हणून सुरक्षाच बंद! कायमची दुरुस्ती आली २०२५च्या मे महिन्यात.

आता कंपनीची बाजू. संगणक सुरू होताच ऑपरेटिंग सिस्टिमला उठवणारा प्रोग्राम म्हणजे बूट लोडर. लिनक्सच्या ग्रब या लोडरमध्ये २०२२ साली खरोखरच भोक सापडलं होतं आणि जुने सदोष लोडर रोखणं भागच होतं. ऑगस्टच्या अपडेटने तेच केलं. हे मान्य. पण सदोष लोडर रोखणं वेगळं आणि यादीतला पहिला मान स्वतःकडे ओढून घेणं वेगळं. कोणाला आधी उठवायचं याची क्रमवारी मदरबोर्डच्या मेमरीत असते. तिथे ग्रबला वर ठेवलेलं असताना एखाद्या मोठ्या अपडेटनंतर कधीकधी विंडोज बूट मॅनेजर पुन्हा वर येऊन बसतो. त्याने कुठल्या हल्ल्याचा बंदोबस्त होतो, हे कोणी सांगत नाही. त्या जागेचं मोल मात्र सगळे जाणून आहेत. १९९०च्या दशकाच्या अखेरीस हिताचीने विंडोजसोबत बीओएस ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम भरलेला संगणक बाजारात आणला, पण सुरू होताना निवडीचा मेनूच दिसत नसे. बीओएस बनवणाऱ्या ‘बी’ कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या करारांकडे बोट दाखवत २००२ मध्ये दावा लावला. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने चूक कबूल न करता सुमारे २.३ कोटी डॉलर मोजून तो मिटवला.

लिनक्सच्या गोटातही सगळे संत आहेत अशातला भाग नाही. ग्रबची मेनूची फाइल कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलला की नव्याने लिहिली जाते. तिच्या पहिल्याच ओळींत ‘ही फाइल बदलू नका’ अशी ताकीद असते आणि फेरबदल कुठे करायचे तेही लिहिलेलं असतं. तरीही तिथेच खाडाखोड करणाऱ्याने पुढच्या अपडेटला शिव्या देऊ नयेत. पण २०२१च्या ग्रब २.०६ने दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवला, तेव्हा अनेकांच्या मेनूतून विंडोज गायब झालं. कारण तेच, सुरक्षा. फिट्टंफाट झाली म्हणावं, तर दोन्ही वेळा मार खाणारा माणूस एकच.

मांडणी बदलण्याआधी अपडेटने विचारावं, असं म्हटलं की असली उठाठेव करणारे मूठभर, त्यांच्यासाठी कोट्यवधी लोकांना प्रश्न विचारत बसायचं का, असा आक्षेप येतो. वाजवी वाटतो, पण टिकत नाही. ज्याने काही बदललंच नाही, त्याला विचारायचंच कशाला? डेबियन हे लिनक्सचं एक रूप वर्षानुवर्षं नेमकं हेच करतं. सेटिंगची फाइल जशी दिली तशीच असेल तर ती मुकाट्याने बदलतं. वापरकर्त्याचा हात लागलेला असेल तर थांबून विचारतं, तुमची ठेवू की आमची? नुसतं एंटर दाबलं तर तुमचीच राहते. आपल्याकडे सातबाऱ्यावर फेरफार करायचा तर तलाठीसुद्धा नोटीस काढून हरकतीला १५ दिवस देतो, आणि तलाठी कार्यालयाला आजवर कोणी अत्याधुनिक म्हटलेलं नाही.

पुढचा मोठा फेरफार ठरलेलाच आहे. सिक्युअर बूटच्या २०११ सालच्या प्रमाणपत्रांची मुदत २०२६च्या जूनपासून संपत जाते आणि त्यांच्या जागी २०२३ची प्रमाणपत्रं येतात, बहुतेक यंत्रांवर अपडेटमधूनच. लिनक्सला दारातून आत घेणाऱ्या ‘शिम’ या चिमुकल्या प्रोग्रामवरची सहीही त्यांतल्याच एका प्रमाणपत्राच्या जोरावर चालते. या वेळी मायक्रोसॉफ्टने नोटीस बरीच आधी काढली, हे खरं. हरकतीचा रकाना तेवढा तिच्यात नाही.