पाचोळाग्रस्त

पाचोळाग्रस्त म्हणजे स्वतःचा बंगला असलेला, साठी उलटलेला शहरी गृहस्थ. पुण्यात सहकारनगर व कोथरूड, नाशिकला गंगापूर रोड अशा भागांत तो मुबलक आढळतो. झाडांशी त्याचे वैर नसते. महाबळेश्वरला तो छाती भरून श्वास घेतो आणि 5 जूनला देवराईचे फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवतो. झाड शेजाऱ्याच्या आवारात असावे आणि सावली आपल्या गाडीवर पडावी, एवढीच त्याची माफक अपेक्षा असते.

त्याची पहिली तक्रार अर्थातच पाचोळ्याची. दुसरी मुळांची. बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक त्यानेच बसवून घेतलेले असतात. ते उचलले गेले की दोष मुळांचा. आवारात गुलमोहर असेल तर वळवाचे वारे सुटले की त्याला झोप लागत नाही. ही भीती मात्र खोटी नव्हे, गुलमोहराची मुळे फार खोल जात नाहीत. उंबर असेल तर प्रकरण नाजूक. पिकलेली उंबरे बॉनेटवर पडतात, ती खायला येणारी वटवाघळे काच रंगवतात. पण पाराशी दत्ताची तसबीर आणि घरात गुरुचरित्राचे पारायण. कुऱ्हाडीचे पाप कोणाच्या माथी, यावर लाकूडवाल्याशी घासाघीस चालते. लाकूड आपण नेणार, या बोलीवर तो आलेला असतो, पण उंबर म्हटल्यावर आधी नारळ मागतो.

मग तो परवानगीचा कागदही मागतो. जागा माझी, झाड माझे, परवानगी कसली? 1975 पासून महाराष्ट्राच्या नागरी भागात झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, आणि खासगी आवारातले झाडही त्यातून सुटत नाही, ही बातमी पाचोळाग्रस्तापर्यंत अशी लाकूडवाल्यामार्फत पोचते. सकाळच्या फिरण्यातले मित्र यावर उपाय सुचवतात: बुंध्याला भोक पाडून हिंग भरा, ॲसिड ओता, साल सोला. परंतु कायद्याच्या लेखी झाडाला कोणत्याही रीतीने इजा करणे हेही तोडणेच. 2021 च्या दुरुस्तीनंतर दंड एक लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो, हे कळल्यावर तो सज्जनपणे वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे अर्ज लिहायला बसतो.

अर्ज हा या गृहस्थाच्या प्रतिभेचा खरा आविष्कार. पाचोळा हे कारण चालत नाही, म्हणून ‘जीवितास धोका’ असे लिहिले जाते. सोबतचा फोटो असा तिरका काढलेला असतो की बंगलाच झाडाला टेकला आहे असे वाटावे. पण कसोटी लागते वयाच्या रकान्यात. पानशेतच्या पुरानंतर वडिलांनी लावलेले झाड म्हणून पाहुण्यांना ते आजवर कौतुकाने दाखवलेले असते. आता पन्नास वर्षांवरचे झाड वारसा वृक्ष ठरते, शिवाय झाडाचे वय जितके, तितकी नवी झाडे लावावी लागतात. त्यामुळे स्थळाच्या टिपणात नवऱ्यामुलाचे वय उतरावे तसे झाडाचे वय उतरते आणि पंधरावर येऊन थांबते.

यथावकाश बुंध्यावर नोटीस लागते आणि आक्षेपांसाठी सात दिवस मिळतात. आपला पाचोळा वर्षानुवर्षे भिंतीवरून इकडे लोटणारे शेजारी या मुदतीत पर्यावरणप्रेमी होतात. त्यांतले एखादे आजोबा स्वतःच्या मुंजीचा फोटो घेऊन कार्यालयात हजर होतात. फोटोत बटू मागे, झाड पुढे.

उद्यान निरीक्षक येऊन टेपने छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजतो, वर पाहतो, चहा घेतो. झाड खरोखर पोखरलेले किंवा कललेले असेल तर परवानगी मिळते, आणि ती मिळायलाच हवी. बाकी बहुतेक पाचोळाग्रस्तांच्या हाती सुक्या फांद्या छाटण्याचे पत्र पडते. खासगी आवारातल्या छाटणीचा खर्च मालकानेच करायचा असतो.