भूतकाळाच्या रखवालदारांस

प्रति,
पायपीआय, पायथॉन पॅकेजांचे कोठार

विषय : प्रकाशित पॅकेजातील अक्षरही न बदलू दिल्याबद्दल अभिनंदन

सा. न. वि. वि.

आपल्या बाणेदारपणाला तोड नाही. एकदा चढवलेली फाइल बदलता येत नाही. पुसली तरी त्याच नावाने दुसरी ठेवता येत नाही. कोडपुरतं हे योग्यच. कालचं पॅकेज आज निराळं निघालं तर भरवसा कशावर ठेवायचा? पण कोडचा नियम आपण त्याच्यासोबतच्या, कुठलं पॅकेज कशावर अवलंबून आहे या माहितीलाही लावता, तिथे आमचा ऊर भरून येतो.

फ्लास्क या पॅकेजाची आवृत्ती २.२.२ घ्या. २०२२ मध्ये आलं तेव्हा त्याने लिहून दिलं : मी ज्या पॅकेजावर उभं आहे त्या वर्कझ्यूगची २.२.२ किंवा पुढची कुठलीही आवृत्ती चालेल. ३० सप्टेंबर २०२३ ला वर्कझ्यूग ३.० आली. तिच्यातून फ्लास्कला लागणारं ‘यूआरएल_कोट’ हे फंक्शन काढून टाकलेलं, त्यामुळे फ्लास्क सुरूच होईना. ‘कुठलीही चालेल’ हे खोटं ठरल्याचं सगळ्यांना कळलं. आपल्या दप्तरी ते अजून खरंच आहे.

फ्लास्कची नवी आवृत्ती काढून तीत ‘३ च्या खालचीच’ अशी मर्यादा घाला, म्हणाल. घातली, पण शेजारच्या पॅकेजला वर्कझ्यूग ३ च हवी असेल, तर पॅकेजं बसवणारं पिप मागे मागे जात नेमकं मर्यादा न घातलेल्या जुन्या आवृत्तीपाशी थांबतं. प्रामाणिक उमेदवार बाद, बेफिकीर नेमणुकीवर.

हॅस्केलवाल्यांचं हॅकेज मात्र भलतंच बेशिस्त! तिथे टारबॉल (कोडचा गठ्ठा) जसाच्या तसा राहतो, पण इंडेक्समधली, म्हणजे कोठाराच्या सूचीतली, माहितीची कॅबल फाइल सुधारता येते, तीही मुख्यतः अवलंबित्वांच्या मर्यादांपुरती. प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक, आधीची नोंद शाबूत. लेखक बेपत्ता असेल तर विश्वस्त दुरुस्ती करतात. अमुक तारखेचाच इंडेक्स हवा असेल तर तोही मिळतो. कोंडा-फोर्ज या आणखी एका कोठाराचे लोकही इंडेक्समधल्या नोंदी दुरुस्त करतात. चूक दिसली की सुधारायची, ही काय रीत झाली?

आपली अडचण खरी आहे (हे उपरोधाने लिहीत नाही). व्हीलच्या, म्हणजे तयार पॅकेज-फाइलीच्या, पोटातच मेटाडेटा, म्हणजे ही अवलंबित्वांची माहिती. त्याला हात लावला की फाइलीचा हॅश (तिचा ठसा) बदलणार आणि हॅश ताडून घेणारे दचकणार. पण २०२३ पासून तोच मेटाडेटा आपण शेजारी वेगळ्या फाइलीतही देता. म्हणजे दुरुस्तीला जागा केलीत, फक्त लिहायला मनाई ठेवलीत.

तोवर एक नम्र सूचना. आवृत्ती चढवताना लेखकाकडून, पुढल्या दहा वर्षांत कोण काय मोडेल, याचं प्रतिज्ञापत्र घ्या. स्टॅम्पपेपरचा खर्च आम्ही सोसू.

आपला आज्ञाधारक,
एक प्रोग्रामर