काशीला गेलेली सोफी

शनिवारी संध्याकाळी मी टीव्हीवर 'डिव्हाइन मॅडनेस' लावला. बेट मिडलर या अमेरिकन गायिकेच्या कार्यक्रमाचा हा १९८० सालचा सिनेमा. दिग्दर्शक मायकेल रिची, नाट्यगृह कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाचं. बाई गातात, मध्येच गाणं सोडून बोलतात, आणि बोलतात ते चारचौघांत सांगण्याजोगं नसतं. एवढं मला ठाऊक होतं. आई शेजारी येऊन बसेल, हे ठाऊक नव्हतं.

गाण्यांपाशी काही अडलं नाही. आईला इंग्रजी कळत नाही, दम कळतो. "छातीत भाता आहे बाईच्या," ती म्हणाली. "पोवाड्याला चालेल." मागे नाचत साथ करणाऱ्या हार्लेट्सही तिला आवडल्या, फक्त पोरींना कापड कमी पडलं, असं तिचं मत.

पंचाईत झाली ती सोफीपाशी. सोफी टकर ही तिकडची जुन्या जमान्यातली गायिका. मिडलरबाई तिचा आव आणून एर्नी नावाच्या तिच्या मित्राचे किस्से सांगतात. पहिल्याच किश्शाला पॅसाडीना लोळायला लागलं.

"काय म्हणाली रे?"

"सोफी काशीला निघाली म्हणे."

"आणि तो?"

"तोही येतो म्हणाला."

पुढच्या किश्शाला मी दोघांना प्रयागला नेलं, त्यापुढच्याला गयेला. पिंडदानापर्यंत आई गप्प होती. मग म्हणाली, "यात्रेकरूंना कुणी असं हसत नाही. लहानपणी जत्रेत चोरून तमाशा पाहिलाय मी. बतावणीला हेच हसू असायचं. आधी पुरुष सुटायचे, मग बायका पदराआडून."

मी मुकाट्यानं आवाज कमी केला.

तेवढ्यात मिडलरबाई जलपरी होऊन आल्या. नाव डेलोरेस डेलागो. कमरेखाली माशाची शेपटी, त्यामुळे चालायची सोय नाही. म्हणून मोटार लावलेल्या चाकाच्या खुर्चीतून रंगमंचभर भरधाव. इथं दुभाषा लागला नाही. आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. डोळे पुसून माझ्याकडे वळली.

"शेपूट सांभाळून ही एवढी फिरते. तुला दोन पाय आहेत, आणि दळण सकाळपासून दारात पडलंय."

सिनेमा थांबवून मी गिरणीत गेलो. परत आलो, तर आईनं रिमोटशी खटपट करून सोफी मागे आणून ठेवली होती.

"आता खरं सांग."

सांगितलं. आई पदर तोंडाला लावून हसली.